काउंटर-स्ट्राइक १.६ : घरच्या मॅचसाठी कन्सोल कमांड्स, आणि गेल्या दिवाळीचं भांडण

गच्चीवरचा_गडी

मंडळी, आमचा हॉस्टेलचा कंपू दर दिवाळीत पाडव्याच्या रात्री १.६, म्हणजे टेररिस्ट विरुद्ध सीटी (काउंटर-टेररिस्ट) असा गोळीबाराचा कॉम्प्युटर गेम, खेळतो. २००५ ते २००९ सांगलीत एकत्र होतो. आता दोघे नाशिकला, तिघे पुण्यात, एक डब्लिनला, बाकीचे ठाण्याच्या आसपास. पोरं झाली, टकलं पडली, पण पाडव्याला रात्री अकरा वाजता डस्ट२ (मॅप, म्हणजे खेळाचं मैदान) म्हणजे डस्ट२.

गेल्या वर्षी होस्ट मी होतो. सणासुदीचं म्हणून हात सैल सोडला आणि एमपी_स्टार्टमनी (सुरुवातीला हत्यारं घ्यायला मिळणारे पैसे) १६००० करून टाकलं. व्हायचं तेच झालं. दोन्हीकडच्या पाचही जणांनी ऑप (दुर्बिणीची महागडी बंदूक) घेतली आणि लाँग नावाच्या वाटेच्या दारापाशी दोन्ही बाजू एकमेकांकडे दुर्बिणीतून बघत बसल्या. जो पहिला हलला तो मेला, म्हणून कोणीच हलेना. त्यात मेलेले लोक कॉलवर बोंबलत होते, 'बी ला दोघं आहेत, एक खोक्यामागे!' शेवटी दोन जिवलग मित्रांत जे वाजलं ते भाऊबीजेपर्यंत मिटलं नव्हतं.

यंदा यजमानपद पुन्हा माझ्याच गळ्यात आहे. प्लगइन वगैरे घालायचे नाहीत, साधं लिसन सर्व्हर (माझ्याच मशीनवर चालणारं). फक्त कन्सोलवरून (खेळातल्या कमांड टाइप करायच्या खिडकीतून) ऑपचा सुळसुळाट कसा रोखायचा? मेलेल्यांची तोंडं कशी बंद करायची? आणि डब्लिनकराला दरवर्षी 'जोडलंच जात नाही'चा त्रास होतो, त्याचं काय?

कमांड्स देवनागरीत लिहितोय, कारण कॉलवर आम्ही त्या अशाच सांगतो : 'एसव्ही, खालची रेघ, ग्रॅव्हिटी'. कन्सोलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या.

मु_पो_डस्ट

पैसे १६००० करणं हीच मूळ चूक. नेहमीचे ८०० ठेव आणि पिस्तूल राउंडपासून सुरुवात कर. खेळाची खरी मजा त्यातच आहे.

गच्चीवरचा_गडी

८०० वर पहिले तीन राउंड पिस्तुलं आणि रडारड यातच जातात. आमच्यातल्या अर्ध्यांना आता नेमही धरता येत नाही, त्यांना हातात एके-४७ लागते. मधला आकडा हवाय.

हिशेबी_पांडू

मधला आकडा आहे. ४५००.

हा हवेतून काढलेला नाही, १.६ च्या बाजारभावात मांडून बघ. टेररिस्ट असशील तर एके २५००, हेल्मेटसह चिलखत १०००, एचई (स्फोटाचा ग्रेनेड) ३००, दोन फ्लॅश (डोळे दिपवणारे ग्रेनेड) ४००, स्मोक (धुराचा ग्रेनेड) ३००. बरोब्बर ४५००. सीटी असशील तर एम४ (रायफल) ३१००, चिलखत १०००, डिफ्यूज किट (बॉम्ब निकामी करायला) २००, एक फ्लॅश २००. हेही बरोब्बर ४५००. आणि ऑप ४७५० ला. अडीचशे रुपयांनी हुकते. (डॉलर हो, पण आम्ही कॅफेत रुपयेच म्हणायचो.)

काही जण ३५०० ठेवतात. त्यात टेररिस्टांचं एके आणि चिलखत बसतं, सीटींना मात्र एम४ घेतली की ४०० उरतात, म्हणजे उघड्या छातीने लढा. मग म्हणतात सीटी हरतातच.

कमांड टाकल्यावर एसव्ही_रीस्टार्ट १ द्यायला विसरू नका. स्टार्टमनी चालू खेळाला लागू होत नाही, खेळ नव्याने सुरू झाला की मगच पैसे बदलतात. निम्म्या लोकांची 'कमांड चालतच नाही' ही तक्रार एवढ्यावरच मिटते.

मु_पो_डस्ट

पांडूशेठ, हिशेब सुंदर आहे, पण भोक आहे. सीटींची ऑटो स्नायपर (लागोपाठ झाडता येणारी दुर्बिणीची बंदूक), एसजी ५५०, ४२०० ला मिळते. तुझ्या ४५०० मध्ये ती आरामात बसते, वर ३०० उरतात. टेररिस्टांची ऑटो ५००० ची, म्हणजे त्यांना नाही. ऑप रोखायला गेलास आणि एका बाजूला त्याहून वाईट हत्यार दिलंस.

हिशेबी_पांडू

आयला. मान्य. हे लक्षातच आलं नव्हतं, कारण आमच्या कॅफेत ऑटो घेणाऱ्याला खुर्चीवरून उठवायचे.

कळफलक_काकू

मीही तेच म्हणणार होते. प्रत्येक गोष्ट कमांडने होत नाही, काही गोष्टी मॅचआधी तोंडानेच ठरवाव्या लागतात. आमच्या घरी मी, नवरा, दीर आणि ११ वर्षांचा भाचा असा डाव असतो, नियम फ्रिजवर चिकटवलेले आहेत. 'ऑटो घेणारा भांडी घासेल' हा त्यातला पहिला.

भाचा खेळतो म्हणून एक कमांड सांगते. व्हायोलन्स_एचब्लड ० आणि व्हायोलन्स_एब्लड ० केलं की रक्त दिसत नाही. हे ज्याच्या त्याच्या मशीनवर टाकावं लागतं, सर्व्हरवर टाकून सगळ्यांना लागू होत नाही.

आपटे_मास्तर

ग्रॅव्हिटीचा विषय अजून कोणी काढला नाही याचं आश्चर्य वाटतं. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, आणि एसव्ही_ग्रॅव्हिटी हा माझा लाडका धडा आहे.

मुळात ती ८०० असते. हा आकडा १९९६ च्या क्वेकपासून चालत आलेला आहे. हाफ-लाइफचं इंजिन क्वेकच्या इंजिनावरून बनलं आणि काउंटर-स्ट्राइक हाफ-लाइफवर, म्हणून तो वारशाने आला. आता गंमत अशी की उडी मारताना खेळ तुम्हाला वर जो वेग देतो तो ठरलेला आहे, सेकंदाला साधारण २६८ एकक. तो ८०० ग्रॅव्हिटी धरून एकदाच काढलाय, आणि तुम्ही ग्रॅव्हिटी बदलली तरी तो बदलत नाही. त्यामुळे ८०० वर उडी ४५ एकक जाते, ४०० वर ९०, २०० वर १८०. उभा माणूस ७२ एककांचा. म्हणजे २०० वर तुम्ही आपल्या उंचीच्या अडीचपट उडता, आणि परत जमिनीवर यायला पावणेतीन सेकंद लागतात. ८०० वर हेच काम पाऊण सेकंदाच्या आत होतं.

सपाटीवर उडी मारून खाली येताना पाय मोडणार का? नाही. ज्या वेगाने वर गेलात त्याच वेगाने खाली येता, ग्रॅव्हिटी काहीही असो. आणि छतावरून उडी न मारता नुसते खाली पडलात तर २०० वर जमिनीवर आदळताना वेग ८०० च्या निम्माच असतो, कारण तो ग्रॅव्हिटीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. वर्गात हे सांगितलं की शेवटच्या बाकावरची मुलंही वही काढतात.

गोळीवर काहीच परिणाम होत नाही, कारण या खेळात गोळी उडत जात नाही. ट्रिगर दाबला त्या क्षणी सरळ रेषेत कोण आलं एवढंच बघितलं जातं. ग्रेनेड मात्र खरोखर उडतो, म्हणून कमी ग्रॅव्हिटीत तो भलताच लांब जाऊन पडतो. सवयीने फेकलेला फ्लॅश तिसऱ्याच अंगणात.

मु_पो_डस्ट

मास्तर, दंडवत. पण खेळ म्हणून २०० वाईट. हवेतल्या माणसाला वाट फारशी बदलता येत नाही, त्याची गोळीही सरळ लागत नाही. तो नुसता पतंग असतो, खालचा कोणीही कापतो. आठवड्यातून एकदा गंमत म्हणून ठीक.

भिंतीआडचा_बंड्या

ग्रॅव्हिटीवरून आठवलं. आम्ही पुण्यात एका कॅफेत तासाला वीस रुपये देऊन खेळायचो. कॅफेवाल्या दादाने आरकॉन (दुरून सर्व्हर चालवायचा) पासवर्ड फक्त एकाला दिला होता, आणि त्या शहाण्याने तो कन्सोल न उघडता वाय दाबून चॅटमध्येच टाइप केला. म्हणजे दहाही जणांच्या पडद्यावर झळकला. पुढच्या मिनिटाला कोणीतरी एसव्ही_ग्रॅव्हिटी ५००० केली. सगळे उड्या मारतायत आणि कोणी जागचा वर उठत नाही. खोक्यावर चढणं बंद. दहा मिनिटं कोणाला कळेना काय झालंय, एकाने कीबोर्ड बदलून मागितला.

आपटे_मास्तर

५००० वर उडी ७.२ एकक. गुडघ्याएवढीही नाही.

गच्चीवरचा_गडी

हाहाहा. बंड्या, पण आरकॉन ही आमच्याही कामाची गोष्ट आहे का? मी मेलो की मॅप बदलायला लोक माझ्या नावाने शंख करतात.

भिंतीआडचा_बंड्या

आहे ना. सर्व्हर चालवणाऱ्याने आरकॉन_पासवर्ड आणि पुढे पासवर्ड असं टाकायचं. विश्वासातल्या एका माणसाने आपल्या कन्सोलमध्ये तीच ओळ टाकायची. मग तो आरकॉन चेंजलेव्हल डीई_इन्फर्नो असं तिकडूनच देऊ शकतो. जिभेवर ताबा असलेला माणूस निवड एवढंच.

आणि हो, कोणी 'माझी कॉन्फिग घे रे, मस्त आहे' म्हणून सीएफजी फाइल (तिच्यात कमांड्स लिहिलेल्या असतात) पाठवली तर आधी नोटपॅडमध्ये उघडून वाचा. आमच्यात एकाने दुसऱ्याच्या फाइलमध्ये बाइंड डब्ल्यू किल अशी ओळ घातली होती. बिचारा राउंड सुरू झाला की पुढे जायला डब्ल्यू दाबायचा आणि जागेवर मरायचा. तीन राउंड त्याला वाटत होतं कोणीतरी दारातून ऑप मारतंय.

कळफलक_काकू

दुष्टपणाची परिसीमा! (भाच्याला हे दाखवणार नाही.)

नवी_पिढी_०४

काका लोकांनो, थोडं अवांतर. २७ सप्टेंबर २०२३ ला सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) आलं, तुम्ही अजून १.६ मध्येच? तिथे ऑपचा प्रश्न एका ओळीत सुटतो. एमपी_आयटम्स_प्रोहिबिटेड ९. प्रत्येक हत्याराला एक नंबर आहे, ऑपचा ९. स्वल्पविराम देऊन आणखी नंबर लिहिता येतात. ही सोय त्याच्या आधीच्या सीएस:गो पासूनची. शिवाय एमपी_डॅमेज_हेडशॉट_ओन्ली १ केलं की डोक्याशिवाय कुठेही गोळी लागून उपयोग नाही, आमच्यात तोच डाव जास्त चालतो. सराव करायचा असेल तर एसव्ही_चीट्स १ करून एसव्ही_इन्फिनिट_अ‍ॅमो १ : गोळ्या संपतच नाहीत, रीलोडही नको. १ च्या जागी २ दिलं तर रीलोड करावं लागतं, पण साठा संपत नाही. ग्रेनेड कुठे जाऊन पडेल ती वाट दाखवणारी कमांडही आहे, स्मोक शिकायला तिच्यासारखी शिक्षिका नाही.

मु_पो_डस्ट

नव्या पिढी, चीट्स १ करून बॅन नाही का होत?

नवी_पिढी_०४

नाही हो. ती खेळातलीच सोय आहे, स्वतःच्या सर्व्हरवर स्वतः चालू करायची. बॅन होतो तो बाहेरून चीटचं सॉफ्टवेअर घालणारा.

एक सांगून ठेवतो, कारण मी यात दोन संध्याकाळी घालवल्यात. सीएस:गो आणि सीएस२ मध्ये मॅप चढला की खेळाच्या प्रकाराची स्वतःची कॉन्फिग चालते आणि तुम्ही आधी टाकलेलं पुसून टाकते. गेममोड_कॉम्पिटिटिव्ह नावाची फाइल असते, तिला हात लावू नका. तिच्याच शेजारी गेममोड_कॉम्पिटिटिव्ह_सर्व्हर.सीएफजी करून तिच्यात आपलं लिहा, ती नंतर चालते. नाहीतर मॅप चढल्यावर आपली फाइल हाताने एक्झेक करा (म्हणजे चालवा).

हिशेबी_पांडू

१.६ मध्येही याचंच भावंड आहे. लिसन सर्व्हर असेल तर सीस्ट्राइक फोल्डरमधली लिसनसर्व्हर.सीएफजी प्रत्येक मॅप सुरू होताना चालते. डेडिकेटेड (फक्त सर्व्हर म्हणून चालणारं) असेल तर सर्व्हर.सीएफजी. म्हणजे त्या फाइलमध्ये स्टार्टमनी ८०० लिहिलेलं असेल आणि तू कन्सोलवर ४५०० केलंस, तर डस्ट२ वर ४५०० आणि इन्फर्नोला गेल्यावर पुन्हा ८००. लोक म्हणतात मॅपला शाप आहे. शाप नाही, फाइल आहे. जे कायम हवंय ते त्या फाइलमध्येच लिही.

गच्चीवरचा_गडी

पांडूशेठ, हे सोन्यासारखं आहे. आता मेलेल्यांचं तोंड?

भिंतीआडचा_बंड्या

एमपी_फेडटूब्लॅक १. मेला की पडदा काळा. काही दिसतच नाही तर सांगणार काय? कॅफेत एकाच खोलीत खेळताना आम्ही हीच ठेवायचो. काहींना हे फार कडक वाटतं, ते एमपी_फोर्सकॅमेरा १ ठेवतात, म्हणजे मेल्यावर फक्त आपल्या बाजूचे दिसतात. पण तुम्ही सगळे एकाच कॉलवर असाल तर त्याने भागत नाही. मेलेला माणूस आपल्या माणसाच्या खांद्यावर बसून सगळं बघतो आणि सांगतो.

कळफलक_काकू

काळ्या पडद्यावर लोक उठून चकल्या आणायला जातात आणि पुढच्या राउंडला परतच येत नाहीत. अनुभव आहे.

लिफीकाठचा_मावळा

मीच तो डब्लिनकर, धागा आत्ता बघितला. गड्या, मी जोडला न जाण्याचं कारण मला मागच्याच वर्षी सापडलं होतं, पण तोपर्यंत तुमचं भांडण रंगात आलं होतं.

आपण आभासी लॅन (लांबच्या मशीन एकाच घरच्या नेटवर्कवर असल्यासारख्या जोडणारी) लावतो ना, रॅडमिन व्हीपीएन. त्यात मला २६ ने सुरू होणारा पत्ता मिळतो. तुझ्या सर्व्हरवर एसव्ही_लॅन १ होतं. ते असलं की सर्व्हर फक्त खऱ्या घरगुती लॅनवरच्या पत्त्यांना आत घेतो, बाकीच्यांना 'लॅन सर्व्हर्स आर रिस्ट्रिक्टेड टू लोकल क्लायंट्स' असा निरोप देऊन दारातून परत पाठवतो. २६ चा पत्ता त्याला परका वाटतो. एसव्ही_लॅन ० कर, मॅप पुन्हा चढव, आणि मी कनेक्ट, तुझा पत्ता, पुढे विसर्ग (कोलन) आणि २७०१५ असं टाकून येतो. लॅन ० केलं की प्रत्येकाचं स्टीम लॉगिन तपासलं जातं, त्यामुळे आपल्या दोन 'जुगाडू' प्रती वापरणाऱ्या मित्रांनी यंदा पैसे खर्च करावेत. नावं घेत नाही.

गच्चीवरचा_गडी

अरे, मग वर्षभर सांगितलं का नाहीस??

लिफीकाठचा_मावळा

तू माझ्याशी भाऊबीजेपर्यंत बोलत नव्हतास.

मु_पो_डस्ट

😂 म्हणजे भांडणातला दुसरा हाच!

लिफीकाठचा_मावळा

आणखी एक. माझा पिंग (सर्व्हरशी निरोप जायला-यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) दीडशेच्या वर असतो, त्याला इलाज नाही, मध्ये समुद्र आहेत. पण निदान अपडेट तरी पुरेसे येऊ देत. आपण सगळे आपापल्या बाजूला सीएल_अपडेटरेट १०१ टाकून खूश होतो, पण सर्व्हरवर एसव्ही_मॅक्सअपडेटरेट मुळात ३० असतं. सर्व्हरच सेकंदाला तीसपेक्षा जास्त वेळा सांगायला तयार नसेल तर आपण शंभर मागून काय उपयोग? ते १०० कर. तुझ्या अपलोडला झेपलं नाही तर ६० वर आण.

नवी_पिढी_०४

१.६ च्या लोकांना एवढं माहीत असतं हे माहीत नव्हतं. 🙏

आपटे_मास्तर

बाळा, आमच्या काळी सगळं हातानेच करावं लागायचं. मेनूत बटण नव्हतं.

अजून_एक_नवखा

प्रश्न बाळबोध असेल, पण माझा कन्सोल उघडतच नाही. एस्केपच्या खालची कळ दाबतोय.

हिशेबी_पांडू

ऑप्शन्समध्ये कीबोर्ड, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे 'एनेबल डेव्हलपर कन्सोल' वर टिक. तरी नाही उघडला तर स्टीममध्ये खेळाच्या लाँच ऑप्शनमध्ये वजाचं चिन्ह देऊन कन्सोल लिहा, खेळ सुरू होतानाच उघडेल. मग बाइंड एफ१० टॉगलकन्सोल करा, पुढे कळफलक कुठल्याही देशाचा असो.

अजून_एक_नवखा

उघडला! धन्यवाद. बॉट (कॉम्प्युटर चालवतो ते खेळाडू) आहेत का १.६ मध्ये? मी एकटाच आहे.

कळफलक_काकू

मूळ खेळात नाहीत, वेगळे बसवावे लागतात. आमच्याकडे झेडबॉट आहेत. बॉट_कोटा ६, बॉट_डिफिकल्टी ० पासून ३ पर्यंत. भाचा ० वर खेळतो, नवरा १ वर, आणि ३ वर मी. बॉट_अलाउ_स्नायपर्स ० केलं की बॉट दुर्बिणीच्या बंदुका घेत नाहीत. माणसांसाठी अशी कमांड असती तर हा धागाच निघाला नसता.

मु_पो_डस्ट

बॉट भांडत नाहीत हेही एक.

गच्चीवरचा_गडी

सगळ्यांचे आभार. पाडव्यासाठी लिसनसर्व्हर.सीएफजीत हे लिहिलंय, बघा आणि चुका काढा :

एमपी_स्टार्टमनी ४५००
एमपी_फ्रीझटाइम ६
एमपी_राउंडटाइम २
एमपी_सी४टाइमर ३५
एमपी_फ्रेंडलीफायर १
एमपी_टीकेपनिश १
एमपी_ऑटोटीमबॅलन्स ०
एमपी_लिमिटटीम्स ०
एमपी_फेडटूब्लॅक १
एसव्ही_लॅन ०
एसव्ही_मॅक्सअपडेटरेट १००

टीकेपनिश अशासाठी की गेल्या वर्षी एकाने 'चुकून' तीनदा माझ्या पाठीत गोळ्या घातल्या. आता आपला माणूस मारला की पुढच्या राउंडला मारणारा आपोआप मरेल. लिमिटटीम्स ० केलंय कारण ठाण्याचे दोघे नेहमी उशिरा येतात, तोवर तिनास पाच खेळावं लागतं.

ऑटो स्नायपर तोंडी बंदी. शिक्षा काकूंकडून उसनी : भांडी.

हिशेबी_पांडू

ऑपचं अजून एक. कोणी ४५०० तून नुसती एके घेतली, चिलखत नाही, तर त्याच्याकडे २००० उरतात. राउंड जिंकला तर वर ३२५०. म्हणजे ५२५० आणि दुसऱ्याच राउंडला ऑप. आमच्यातला एक नक्की हेच करणार.

गच्चीवरचा_गडी

करू दे. उघड्या छातीने एक राउंड जगून दाखवला तर ती ऑप त्याने कमावली.

लिफीकाठचा_मावळा

फ्रेंडलीफायर १ ठेवलंयस आणि मी यंदा तुझ्याच बाजूला आहे ना? बघून घे. इकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच असतील, ऑफिसातून लवकर निघतो.

गच्चीवरचा_गडी

आरकॉनचा पासवर्ड तुलाच देणार होतो. आता बंड्याला देतो.

भिंतीआडचा_बंड्या

मला नको रे, मी चॅटमध्ये टाइप करीन.